बिघाड हजर असताना

जी गाडी अजिबात चालूच होत नाही, ती दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं. बिघाड समोर ठाण मांडून बसलेला असतो. एकेक गोष्ट तपासत गेलं की संध्याकाळपर्यंत तो सापडतो. जीव खाते ती दहातल्या नऊ वेळा पहिल्या सेल्फला सुरू होणारी आणि दहाव्या वेळी ढिम्म न हलणारी गाडी. टोचन करून गॅरेजपर्यंत न्यावी, तर दारात पोहोचताच निमूटपणे सुरू होते. मग मेकॅनिक अंदाजाने काहीतरी बदलतो. चार आठवडे बरे जातात आणि पुन्हा एका संध्याकाळी, घरी जायच्या घाईत, तोच प्रकार.

माझ्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. वडिलांनी घेतलेली, म्हणून ती विकायचा विचार कधी केला नाही. दोन वर्षांपूर्वी तिला हा आजार जडला. अकरा महिन्यांत नवी बॅटरी झाली, सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलून झाले, इग्निशन स्विच नवा आला, प्लगही नवे आले. यातला एकही भाग खराब नव्हता असं मी म्हणणार नाही, पंचवीस वर्षांच्या गाडीत सगळंच थोडंफार झिजलेलं असतं. पण आजार तसाच राहिला. कारण आज स्पष्ट दिसतं. हे सगळे भाग गाडी व्यवस्थित चालू असताना बदलले गेले होते. बिघाड होता तेव्हा कुणी काही मोजलं नाही, आणि मोजायला बसलो तेव्हा बिघाड नव्हता.

शेवटी कुणीतरी कराडमधल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. साठी ओलांडलेले गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. मी गाडी घेऊन गेलो. त्यांनी बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही.

"आत्ता चालू आहे ना? मग आत्ता मी काय बघू?" ते म्हणाले. "बंद पडेल तेव्हा आहे तिथेच उभी ठेवा. हात लावू नका, धक्का मारू नका. मला फोन करा. आणि तोवर एक वही घाला गाडीत."

वहीत काय लिहायचं तेही त्यांनी सांगितलं. गाडी किती वेळ उभी होती, त्याआधी किती चालली होती, ऊन होतं की पाऊस, चावी फिरवल्यावर आवाज कोणता आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले की तसेच राहिले. इतकंच. त्या क्षणी मला हे वेळकाढूपणाचं वाटलं होतं. पण अधूनमधून होणारा बिघाड लहरी मुळीच नसतो, त्याला अटी असतात. उष्णता, ओल, हादरा किंवा ताण यांपैकी एक-दोन गोष्टी जुळून आल्या की तो येतो आणि त्या सरल्या की जातो. कोणत्या अटी जुळल्या हे वही सांगते. आपली आठवण सांगत नाही, कारण आपल्याला फक्त झालेला मनस्ताप आठवतो.

"गाडी स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात निदान दोन वेगळे आजार दडलेले असतात, आणि ते वेगळे न केल्यामुळे बहुतेक पैसे वाया जातात. पहिला प्रश्न एकच विचारायचा: सेल्फ इंजिन फिरवतो का? सेल्फ नेहमीच्या जोमाने इंजिन फिरवत असेल आणि तरीही इंजिन पकडत नसेल, तर बॅटरी आणि सेल्फ यांच्याकडे बघायचंच नाही. पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी कमी पडतंय. उलट सेल्फच फिरत नसेल, तर कार्बोरेटर साफ करून काडीचा उपयोग नाही.

सेल्फ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो मुळात 'सेल्फ स्टार्टर'चा उरलेला तुकडा आहे हे लक्षात राहत नाही. गाडीने स्वतःच स्वतःला सुरू करावं ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने बनवलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी समोर उभं राहून हँडल मारावं लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. आपल्याकडे ॲम्बॅसिडरच्या डिकीत हँडल असायचंच. बॅटरी उतरलेली असली तरी ड्रायव्हर पुढे जाऊन दोन झटक्यांत इंजिन जागं करायचा. इंजिन फिरवायला किती जोर लागतो, हे त्या पिढीच्या दंडाला ठाऊक होतं. तोच जोर आता एक छोटी मोटर लावते आणि त्यासाठी ती बॅटरीतून मारुतीसारख्या लहान गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपियर करंट खेचते. सुरुवातीच्या क्षणी तर त्याहून जास्त. हेडलाइटचा एक बल्ब पाच अँपियरच्या आसपास घेतो, त्यावरून हा आकडा केवढा आहे ते कळेल.

या प्रचंड करंटमध्येच आमच्या गाडीचं कोडं होतं.

हिवाळ्यातली सकाळ. मंडईजवळ भाजी घेऊन परत आलो, चावी फिरवली आणि नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. फोन केला. अर्ध्या तासात काका स्कूटरवरून आले. त्यांनी आधी मला हेडलाइट लावायला सांगितले आणि समोरच्या दुकानाच्या शटरवर पडलेल्या उजेडाकडे बघत म्हणाले, "आता मारा सेल्फ." टक्. उजेड जवळजवळ तसाच राहिला.

"बॅटरी ठीक आहे," ते म्हणाले.

ही परीक्षा कुणालाही, कोणत्याही अवजाराशिवाय करता येते. चावी फिरवल्यावर दिवे एकदम मिणमिणते झाले, तर दोनांपैकी एक गोष्ट असते: बॅटरी दमलेली आहे, किंवा सेल्फ जाम होऊन नको इतका करंट खेचतोय. पण नुसतं टक् होऊन दिवे तसेच ठणठणीत राहिले, तर त्याचा अर्थ बॅटरीतून पुरेसा करंट निघत नाहीये. वाटेत कुठेतरी तो अडतोय. आणि ओळीने कट-कट-कट-कट असा आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलचा काँटॅक्ट ढिला असतो. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी खटका, ओढला जातो, करंट वाढताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, तो पुन्हा ओढला जातो.

मग काकांनी मल्टिमीटर काढला. त्याची एक टोकदार पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवली. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे, आतल्या शिशाच्या खुंटावर. दुसरी पिन सेल्फच्या उघड्या लोखंडावर. मला सेल्फ मारायला सांगितला. दोन्ही टोकं म्हणजे तसं पाहिलं तर एकच 'अर्थ', त्यांच्यात फरक दिसायला नको. फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट. मीटरवर सातच्या वर आकडा गेला.

"बारातले सात वाटेतच संपले," काका म्हणाले. "सेल्फला उरले पाच. कसा फिरेल?"

याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. जुन्या गाडीच्या दुखण्यांत याच्याइतकी उपयोगी आणि याच्याइतकी दुर्लक्षित दुसरी तपासणी नसेल. गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो: करंट गुणिले अडथळा म्हणजे व्होल्टेज. इथे तो हाताशी घेऊ. समजा एखाद्या जोडावर गंज चढून ०.०५ ओहमचा अडथळा तयार झाला. साधा मीटर एवढा बारीक अडथळा धडपणे दाखवतही नाही. चावी बंद असताना त्या जोडापलीकडे व्होल्टेज मोजलं तर पूर्ण साडेबारा दिसेल, कारण मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही. टेस्ट लॅम्प लावला तर तोही लख्ख पेटेल, कारण त्याला अर्धा अँपियर पुरतो आणि अर्ध्या अँपियरला त्या जोडावर ०.०२५ व्होल्ट खर्च होतात. पण त्याच जोडातून शंभर अँपियर जायला बघितले की पाच व्होल्ट तिथेच संपतात. ठिकाण तेच आणि गंजही तोच, पण मोजताना करंट किती वाहत होता यावर उत्तर पूर्ण बदलतं.

सोसायटीच्या गच्चीवरून आलेल्या पाइपात कचरा अडकला असेल, तर तोटी बंद असेपर्यंत आत दाब पूर्ण असतो. करंगळीएवढी तोटी उघडली तरी पाणी नीट येतं. बादली भरायला पूर्ण तोटी सोडली की मगच धार लुळी पडते. गाडी तपासणारा माणूस बहुतेकदा बंद तोटीचा दाब बघून निर्णय देतो. म्हणून माझी बॅटरी बदलली गेली, सेल्फ उघडला गेला. ज्याने त्याने करंट वाहत नसतानाच मोजलं होतं.

खात्री करायला काकांनी एक सुंदर गोष्ट केली. जंपर केबलची काळी वायर घेतली, तिचा एक चिमटा आमच्याच बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि दुसरा इंजिनाच्या एका स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला. "मारा." इंजिन अर्ध्या फेऱ्यात पकडलं. चिमटा काढून, गाडी बंद करून पुन्हा मारला, तर पुन्हा टक्. अकरा महिन्यांचं दुखणं मंडईच्या रस्त्यावर अर्ध्या मिनिटात उघडं पडलं.

इंजिन गाडीच्या बॉडीला रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, हादरे आत येऊ नयेत म्हणून. रबर वीज नेत नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली एक चपटी पट्टी लावलेली असते. सेल्फचा सगळा करंट बॅटरीकडे परत जातो तो या वाटेने. लोक पॉझिटिव्हच्या जाड लाल वायरची काळजी घेतात, पण तितकाच करंट परत नेणारी ही पट्टी चाकांनी उडवलेला चिखल खात खाली लोंबत असते. आमची पट्टी वरून धड दिसत होती. दहाचा पाना लावून बोल्ट काढला, तेव्हा तिच्या टोकाच्या कडीत हिरवट भुकटी निघाली आणि बोटाने जरा ओढताच विणलेल्या तारांचा जुडगा कडीतून सुटून हातात आला. पाच-सहा तारा तेवढ्या शाबूत होत्या. थंडीत त्या किंचित आखडत, गाडी हादरली की टेकत, इंजिन तापलं की पुन्हा जराशी जागा बदलत. म्हणून गॅरेजपर्यंतच्या धक्क्यांनी गाडी बरी व्हायची.

आणि मग काकांनी विचारलं, "क्लचची केबल कितीदा बदलली?" मी चमकलो. वर्षभरात दोनदा. दर वेळी ती कडक व्हायची आणि मला वाटायचं, हलका माल मिळतोय. केबलचा काही दोष नव्हता. पट्टीतून वाट मिळेना म्हणून सेल्फचा करंट इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी दुसरी कोणतीही धातूची वाट शोधत होता, आणि ती त्याला क्लचच्या पोलादी तारेत सापडली होती. शंभर अँपियरसाठी ती तार म्हणजे हीटरची कॉइल. आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटत होतं. जुन्या गाडीत क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल वारंवार खराब होत असेल आणि जोडीला सेल्फची कुरकुर असेल, तर आधी अर्थची पट्टी बघा. नवी पट्टी टाकताना दोन्ही ठिकाणचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट घट्ट केला आणि वरून ग्रीस लावलं. ग्रीस आत नाही, वरून. आत धातूला धातूच भिडला पाहिजे.

पॉझिटिव्हच्या बाजूलाही हेच मोजायचं असतं: बॅटरीच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल्फ मारत असताना. अर्ध्या व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर दोन पिनांमधलं अंतर कमी कमी करत जायचं. आधी टर्मिनल, मग वायर, मग सोलेनॉइडचे दोन बोल्ट. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो तो गुन्हेगार. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे काँटॅक्ट वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन जळतात, तेव्हाही हुबेहूब हेच टक् ऐकू येतं. सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकल्यावर तो फिरायला लागला, तर आतले कार्बन झिजलेत किंवा अडकलेत असं समजावं. ही ठोकाठोक निदान म्हणून ठीक, पण इलाज म्हणून रोज करू नये. काही सेल्फमध्ये कायम चुंबकाच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि त्या तडकतात.

फक्त तापलेली गाडी टक्-सुद्धा करत नसेल आणि थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर लक्ष सोलेनॉइडला येणाऱ्या बारीक वायरकडे न्यायचं. ती इग्निशन स्विचमधून येते. स्विचचे काँटॅक्ट झिजलेले असतात, वायर जुनी असते, त्यात तापलेल्या सोलेनॉइडच्या वेटोळ्यांचा अडथळा वाढतो. तांब्याचा अडथळा दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने चढतो. वीस अंशांवरून ऐंशीवर गेलं की जवळपास चौथा हिस्सा जास्त. थंड असताना जेमतेम पुरणारी ओढ गरम झाल्यावर कमी पडते. अशा गाडीत एक वेगळा रिले टाकून सोलेनॉइडला थेट बॅटरीतून करंट देणं हा चांगला, कायमचा उपाय आहे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना टर्मिनलवर पावणेचौदा ते साडेचौदाच्या आत दिसलं तर अल्टरनेटर ठीक आहे. टर्मिनलवरचा पांढरा-निळसर बुरा गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावा. खोलताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी पडणार नाही. आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिल्यावरच सुरू होत नसेल, तर चोर करंट शोधावा. डिकीतला न विझणारा दिवा, मागाहून बसवलेली टेप. १०० मिलिअँपियर गळती म्हणजे दहा दिवसांत २४ अँपियर-तास, आणि लहान गाडीची अख्खी बॅटरी असते पस्तीसच्या घरात.

आता दुसरा आजार: सेल्फ झकास फिरतोय आणि इंजिन पकडत नाही.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून वर आलं की माथ्यावर चहाला थांबायची आमची घरची पद्धत. उन्हाळ्यात त्या वीस मिनिटांनंतर गाडी हटकून रुसायची, आणि तासभर थांबलं तर सुरू व्हायची. थांबलेलं इंजिन लगेच थंड व्हायला लागतं असं आपल्याला वाटतं, पण बॉनेटखाली उलटं घडतं. गाडी चालू असताना पाणी फिरत असतं, पंखा आणि समोरचा वारा उष्णता वाहून नेत असतो. चावी बंद केली की पाणी थांबतं, वारा थांबतो, आणि बिडात साठलेली उष्णता बाहेर येऊन शेजारच्या वस्तूंमध्ये शिरते. थांबल्यानंतरची पहिली दहा ते तीस मिनिटं कार्बोरेटर, पेट्रोल पंप आणि इग्निशन कॉइल हे प्रवासात नव्हते इतके तापतात. म्हणून 'चहानंतर सुरू होत नाही' ही तक्रार थेट उष्णतेकडे बोट दाखवते.

पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातला सर्वांत हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतो. पंपात किंवा नळीत वाफेचा बुडबुडा झाला, की इंजिनाच्या अंगावरचा यांत्रिक पंप ती वाफ नुसतीच दाबत-सोडत राहतो, पेट्रोल पुढे जात नाही. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींचे ड्रायव्हर खंडाळ्याच्या घाटात पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते याचसाठी. त्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण फडक्यामागचं शास्त्र कार्बोरेटर असलेल्या प्रत्येक गाडीला आजही लागू आहे. नेमका उलटा प्रकारही होतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून उतू जातं आणि आतल्या नळ्या पेट्रोलने भरून जातात. मग हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग ओले. दोन्हींतला फरक नाकाला कळतो. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर जास्त झालंय. तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारायचा. पूर्ण उघड्या तोंडातून हवा आत जाते आणि जादा पेट्रोल उडवून नेते. लोक घाईने ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा मारतात. दर मारागणिक कार्बोरेटर आणखी एक पिचकारी सोडतो आणि गाडी आणखी बुडते. गरम गाडीला चोक तर ओढायचाच नाही.

वास अजिबात नसेल आणि प्लग कोरडे असतील तर पेट्रोल पोहोचत नाही. वास आहे, पेट्रोल आहे, तरी काही होत नसेल तर करंट बघायचा. आमच्याकडे मेकॅनिक ठिणगीला करंटच म्हणतात. कॉइलमध्ये केसाएवढ्या तारांची हजारो वेटोळी असतात. वरचं इन्सुलेशन जुनं झालं की तापल्यावर आतल्या आत शॉर्ट होतं आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक. अशी कॉइल काढून टेबलावर मोजली तर हमखास निर्दोष निघते. ती तापलेली असतानाच मोजायला हवी, किंवा तिच्या जागी एक चांगली कॉइल तात्पुरती लावून बघायला हवी.

पावसाळ्यात करंटचं दुखणं वेगळं रूप घेतं. प्लगपर्यंत पंधरा-वीस हजार व्होल्ट जात असतात आणि ओल्या, मळक्या पृष्ठभागावरून त्यांना सोपी वाट मिळते. घाटमाथ्यावरच्या धुक्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं बॉनेट अंधारात उघडा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. हात सैल कपड्यांसकट लांब ठेवा. प्लगच्या जुन्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळ्या रेषा सरपटताना दिसल्या, तर ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता बाहेरच सांडतेय. टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसली की बहुधा काम होतं. पण टोपीत पेन्सिलीने काढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट असते. ती पुसून जात नाही, टोपीच बदलावी. याच दिवसांत उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. एखादी तार एका धाग्यावर उरली की ओलीत वेगळी वागते, उन्हात वेगळी.

आणखी एक गोष्ट जुन्या गाड्यांच्या मालकांनी मनावर घ्यावी. २०२३ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. त्यातलं काही इथेनॉल आमच्या भागातल्या उसाचं. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, आतून सुटणारे कण कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसतात. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, जिथून पेट्रोल उचललं जातं. मी सगळ्या नळ्या बदलल्या, स्वच्छ फिल्टर टाकला, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवतो.

इंजेक्शनच्या गाड्यांत तर्क हाच, फक्त नावं बदलतात. चावी पुढे फिरवल्यावर टाकीकडून दोन सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. न आल्यास फ्यूज, रिले, मग पंप. गरम असताना बंद आणि थंड झाल्यावर चालू, असं असेल तर संशय क्रँकच्या सेन्सरवर घ्यावा. त्याची आतली कॉइल तापून दगा देते, आणि तो सिग्नल नसेल तर कॉम्प्युटर ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही नाही. चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा. आणि बॅटरी पार मेलेली असेल तर या गाड्यांना धक्का मारून उपयोग नाही, पंप आणि कॉम्प्युटर दोघांनाही वीज लागते.

आमच्या गाडीत एक नव्हे, दोन बिघाड होते हे मला वहीने दाखवलं. थंड सकाळी टक् हा एक, आणि उन्हाळ्यात चहानंतर नुसतं फिरत राहणं हा दुसरा. मी अकरा महिने दोघांना एकच समजत होतो, म्हणून कोणताच कारण-परिणाम जुळत नव्हता. पट्टी बदलल्यावर पहिला गेला. दुसऱ्यासाठी कार्बोरेटरखालचं चेपलेलं जाड पॅकिंग बदललं, नळी इंजिनाच्या अंगापासून दोन बोटं लांब घेतली.

वहीतली शेवटची नोंद गेल्या मे महिन्यातली आहे. दुपारचे सव्वादोन, कुंभार्लीचा माथा, कडक ऊन, थांबून पंचवीस मिनिटं. सेल्फ जोरात, दिवे ठीक, पेट्रोलचा वास थोडा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला. चौथ्या सेकंदाला सुरू.